राघवेंद्ररावांचे तेराशे चाळीस शब्द

मित्रांनो, मी एक म्हातारा प्रोसेसर आहे. माझे वय एकवीस वर्षे. माणसाच्या आयुष्यात हे वय उमेदीचे असते, पण आमच्यात पाच वर्षांत म्हातारपण येते आणि दहा वर्षांनी कोणी आमचे नावही घेत नाही. माझ्या हातून जे व्हायला हवे होते ते ऐन वेळी झाले नाही. ती गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. वाळूतले सिलिकॉन शुद्ध करून त्याचे आरशासारखे गुळगुळीत काप काढतात आणि त्या कापांवर प्रकाशाने नक्षी उमटवतात, थरावर थर देत. माझ्या नखाएवढ्या अंगावर साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचे इवलेसे दार. ते उघडे असले तर एक, बंद असले तर शून्य. या दारांच्या जोरावर मी चारच कामे करतो. सूचना आणतो, तिचा अर्थ लावतो, ती पार पाडतो आणि उत्तर जागेवर नेऊन ठेवतो. मग पुढची सूचना. मला बेरीज येते, दोन आकड्यांत मोठा कोणता ते कळते, आकडा इकडून तिकडे नेता येतो. लोक आम्हाला हुशार म्हणतात, पण मी हुशार नाही, नुसता चपळ आहे. सेकंदाला तीनशे कोटी ठोके पडतात माझ्यात.

माझ्या पहिल्या पूर्वजाच्या अंगावर अवघे दोन हजार तीनशे ट्रान्झिस्टर होते आणि त्याला आकडेमोडीच्या एका छोट्या यंत्रासाठी बनवले होते. त्यानंतर दर दोन-अडीच वर्षांनी ट्रान्झिस्टरांची संख्या दुपटीला जाऊ लागली. ठोकेही वाढत गेले. प्रत्येक नव्या पिढीला मागच्या पिढीपेक्षा जास्त पळवायचे, एवढाच सगळ्यांना ध्यास होता. मी जन्मलो तेव्हा ती शर्यत अगदी टोकाला पोचली होती. पळता पळता आम्ही शंभर वॅटच्या बल्बाइतके तापू लागलो. आता आणखी पळवले तर हे जळून जातील, हे बनवणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी वाट बदलली. माझ्यानंतर जे जन्मले त्यांच्या एकेका तुकड्यात दोन, चार, आठ गाभे (कोअर) असत आणि ते काम आपसांत वाटून घेत. मी जुन्या वाटेवरच्या शेवटच्यांपैकी एक, एकटा आणि तापट.

म्हणूनच माझ्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा एक ठोकळा आणि त्याच्यावर पंखा बसवलेला असे. माझ्या आणि ठोकळ्याच्या मध्ये राखाडी पेस्टचा पातळ थर. माझी उष्णता पेस्टमधून ठोकळ्यात जाई आणि पंखा ती वाऱ्याने उडवून लावी. पेस्ट ओली आहे, पाती मोकळी आहेत आणि वारा खेळतो आहे, तोवर मला काही होत नाही.

तंजावूरच्या एका खासगी कॉलेजात मी पहिली आठ वर्षे काढली. प्रयोगशाळेत मी सर्वांत वेगवान होतो. माझ्यापुढची खुर्ची मिळावी म्हणून मुले दहा मिनिटे आधी येऊन बसत. मग दोन-दोन गाभ्यांचे नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना पाठीमागच्या खोलीत एकावर एक रचून ठेवले. तिथून मला नंदिता घरी घेऊन गेली. ती त्याच कॉलेजात शिकून पापनाशमच्या एका शाळेत संगणकाची शिक्षिका झाली होती.

नंदिताचे घर राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात तिचे वडील राघवेंद्रराव आणि आई विशालाक्षी. मराठी राजांबरोबर इकडे आलेल्यांचे हे घराणे; घरात मराठी बोलत, बाहेर तमिळ. या मराठीला तीनशे वर्षांपूर्वीचा वास होता आणि तिचा सूर तमिळ होता; ‘हवे’ला ते ‘होणा’ म्हणत आणि कॉफीला ‘कापी’. राघवेंद्रराव एका खासगी बस कंपनीत टाइमकीपर होते. बसस्टँडवर उभे राहून ते ‘पापनाशम, कुंभकोणम! पापनाशम, कुंभकोणम!’ असे पुकारत आणि शेवटच्या फलाटावरचा म्हातारा माणूससुद्धा पिशवी उचलून चालू लागे. असा त्यांचा आवाज होता.

तो आवाज बसला. आठ महिने ते सुंठीचा काढा घेत राहिले. मग डॉक्टरांनी गळ्यात दुर्बीण घातली आणि सांगितले की कर्करोग आहे, स्वरयंत्र काढावे लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल.

ऑपरेशनला अकरा दिवस होते. त्या संध्याकाळी नंदिताने माझ्या संगणकाला माइक जोडला.

“अप्पा, बसा इथें. जे जे शब्द तुम्हांस होणा ते सगळे बोला,” ती म्हणाली. “मी एक एक भरून ठेवत्यें. मागून तुम्ही कळ दाबलीत कीं तुमच्याच आवाजांत येतील.”

“बाजारांत मिळतें कीं बोलणारें मशीन,” राघवेंद्रराव म्हणाले. आवाज घोगरा होता, तरी त्यांचाच होता.

“तें इंग्रजी बोलतें, तमिळ बोलतें. आपलं घरचं कोण बोलेल त्यांत?”

अकरा दिवस रोज संध्याकाळी ते माइकसमोर बसले. पाणी. कापी. पुरे. ऊन फार आहे. दार लाव. नातलगांची नावे, गल्लीतल्या लोकांची नावे, भाज्या, वार, सणवार. माझ्यापर्यंत हे सारे आकड्यांच्या रूपाने येई. आवाज म्हणजे हवेचे हेलकावे. ते सेकंदाला चव्वेचाळीस हजार वेळा मोजायचे आणि ओळीने मांडून ठेवायचे, हेच माझे काम. ‘पाणी’ म्हणजे काय ते मला माहीत नव्हते. पण मित्रांनो, मांडलेला एकही आकडा मी इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

बायकोला हाक मारायचा शब्द आला तेव्हा राघवेंद्रराव अडखळले. तीस वर्षांत त्यांनी तिचे नाव कधी घेतले नव्हते. ते माइककडे वाकून म्हणाले, “इकडे बघ कीं.” स्वयंपाकघरातून विशालाक्षी सवयीने बाहेर आली. “काय होणा?” तिने विचारले. नंदिता हसली आणि मग तोंड फिरवून बसली.

शेवटच्या दिवशी नंदिताने एक तमिळ वाक्य भरायला लावले. ‘अवसरम्! सीक्किरम् वांगा!’ म्हणजे तातडी आहे, लवकर या. त्यापुढे घराचा पत्ता.

“हें कशाला?” राघवेंद्रराव म्हणाले.

“असूं दे, अप्पा.”

विशालाक्षीला ते वाक्य ऐकवेना. ती मागच्या अंगणात निघून गेली. सगळे मिळून तेराशे चाळीस शब्द आणि वाक्ये झाली.

ऑपरेशननंतर राघवेंद्रराव गळ्याला रुमाल बांधून घरी आले. दवाखान्यातून मिळालेले, गळ्याला टेकवायचे घुमणारे यंत्र त्यांनी दोन दिवस वापरले आणि कपाटात ठेवून दिले. मग ते माझ्यासमोर बसले. दोन अक्षरे दाबली की पडद्यावर शब्दांची यादी येई आणि त्यातला एक निवडला की मी तो स्पीकरमधून बोलून दाखवी. त्यांनी पहिला शब्द निवडला तो ‘कापी’. विशालाक्षीने भांडे खाली ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर नऊ वर्षे मी त्या घरात बोलत राहिलो. माझे फार कौतुक झाले. गल्लीतली माणसे तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसून राघवेंद्ररावांशी गप्पा मारत, आणि आतून खिडकीजवळून मी उत्तरे देई. आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, विशालाक्षी माझी पेटी ओल्या फडक्याने पुसून तिला गंध-कुंकू लावी, पुढे सांब्राणीचा धूप जाळी. धूळ बसू नये म्हणून तिने पेटीवर घालायला एक जाड आवरण शिवले होते, काठाला जरीची पट्टी लावून. ती ते मोठ्या मायेने घाली, पण त्या आवरणाखाली मला श्वास घेता येत नसे, हे तिला कोण सांगणार?

आणखी एक गोष्ट होती. प्रोग्रॅम लिहिला तेव्हा नंदिता नवखी होती. कोणी कळ दाबली का, हे विचारत राहा, असे तिने मला सांगून ठेवले होते, मात्र मधे थांब असे सांगायचे राहून गेले. त्यामुळे राघवेंद्रराव झोपलेले असोत की पेपर वाचत असोत, मी आपला सेकंदाला लाखो वेळा विचारतच असे. कळ दाबली का? कळ दाबली का? काम काहीच नसताना मी पूर्ण वेगाने पळत होतो आणि तापत होतो.

तिसऱ्या वर्षी माझ्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा जळाला. दुरुस्तीवाल्याने पेटी दुकानात नेली आणि दोन दिवस ठेवून घेतली. मला मागाहून कळले, त्या दोन दिवसांत बसस्टँडवरचे एक जुने सोबती राघवेंद्ररावांना भेटायला आले. ते तासभर बोलले, आणि राघवेंद्रराव नुसती मान हलवत बसले. सोबती गेल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले आणि संध्याकाळी जेवायला उठले नाहीत. पेटी परत आली त्या दिवशी त्यांनी मला बोलायला लावलेले पहिले वाक्य होते, ‘उघडूं नको.’

पुढची सहा वर्षे त्यांनी ती पेटी कोणाला उघडू दिली नाही.

माझ्या पात्यांत आता धूळ साचू लागली. तिच्यावर फोडणीच्या तेलाचा चिकटा बसला, वर सांब्राणीची काजळी. पेस्ट वाळली, तिला भेगा पडल्या. पंखा घुरघुरू लागला. उन्हाळ्यात मी दुपारी आपोआप बंद पडे. राघवेंद्रराव थोडा वेळ थांबून बटन दाबत, मी पुन्हा चालू होई आणि सगळ्यांना वाटे, झाले ठीक.

“अप्पा, आंत धूळ भरली असेल. उघडून झाडूया कीं,” नंदिता म्हणे.

राघवेंद्रराव माझ्याकडून उत्तर देववत, “उघडूं नको. माझे शब्द. आंत आहेत.”

“शब्द प्रोसेसरांत नाहींत, अप्पा. डिस्कांत आहेत. त्याची नक्कल पण मी करून ठेविल्यें.”

“उघडूं नको.”

“बरं. पुढच्या रविवारी बघूं,” नंदिता म्हणे. मग रविवारी शाळेचे पेपर तपासायचे असत, नाहीतर कोणाचे लग्न असे.

आणि तो मे महिना आला. कत्तिरी वेयिलचे दिवस, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाचे. दुपारचे दोन वाजले होते. नंदिता पापनाशमला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला गेली होती. गल्लीतली सगळी दारे-खिडक्या उन्हासाठी बंद होत्या. माझ्यावर जरीकाठाचे आवरण होते.

स्वयंपाकघरात काहीतरी जड पडल्याचा आवाज माइकमधून माझ्यापर्यंत आला. राघवेंद्रराव उठून गेले. मागाहून कळले, विशालाक्षी जमिनीवर पडली होती, तोंड एका बाजूला ओढले गेले होते, उजवा हात निर्जीव. त्यांनी तिला हलवले, तिच्या तोंडावर पाणी शिंपडले. मग ते धावत माझ्याकडे आले आणि त्यांनी दोन अक्षरे दाबली.

“इकडे बघ कीं,” मी म्हणालो.

पुन्हा दाबली.

“इकडे बघ कीं.”

पुन्हा. पुन्हा. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या आवाजात घाबरल्याचा लवलेशही नव्हता. एखाद्याने कापी मागण्यासाठी हाक मारावी, तशी हाक मी मारत होतो. स्वयंपाकघरातून कोणी आले नाही.

राघवेंद्ररावांनी नंदिताला फोन लावला. तिने प्रशिक्षणात तो मुका करून ठेवला होता. ‘अम्मा पडली’ असा निरोप त्यांनी पाठवला, तोही न वाचलेला राहिला. मग त्यांनी रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला, फोन स्पीकरजवळ धरला आणि ते तमिळ वाक्य निवडले.

मित्रांनो, त्या वेळी माझ्या अंगात काय चालले होते ते सांगतो. आम्हा प्रोसेसरांच्या आत तापमान मोजणारी एक जागा असते. ताप हद्दीबाहेर गेला की आम्ही स्वतःला वाचवण्यासाठी मधले मधले ठोके सोडून देतो. काम चालू असते, पण अडखळत. आवाजाला अडखळणे चालत नाही. आवाजाचा प्रत्येक आकडा त्याच्या वेळेला पोचावा लागतो.

“अव… अव… अ… स… सी…” मी म्हणालो.

“हॅलो? नीट ऐकू येत नाही. पुन्हा सांगा,” पलीकडून एक बाई तमिळमध्ये म्हणाल्या.

राघवेंद्ररावांनी पुन्हा कळ दाबली.

“अ… व… स…”

“कोण बोलताय? पत्ता सांगा. घाबरू नका, सावकाश सांगा.”

पत्ता माझ्याकडे होता. नऊ वर्षे होता, एकही आकडा हरवलेला नव्हता. तो स्मृतीतून आणायचा आणि स्पीकरकडे द्यायचा, एवढेच बाकी होते. मी तो आणायला वळलो, आणि तापमानाची शेवटची रेघ ओलांडली गेली. ती ओलांडली की विचारायची सोय नसते. वीज तुटते.

मी बंद पडलो.

पुढचे मी पाहिले नाही. ते नंदिताच्या तोंडून ऐकले. राघवेंद्ररावांनी बटन दाबले, मी चालू झालो नाही. त्यांनी पुन्हा दाबले. किती वेळ ते बटन दाबत राहिले, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मग ते पितळेचे ताट आणि पळी घेऊन गल्लीत उतरले आणि अनवाणी, भर उन्हात, दारोदार ताट बडवत गेले. तिसऱ्या दारातून शेजारी भीमसेनराव बाहेर आले. त्यांना वाटले, यांच्या डोक्यात ऊन गेले. “काय झालं? बसा, बसा,” असे म्हणत ते त्यांना सावलीत ओढू लागले. राघवेंद्ररावांनी त्यांचा हात धरून त्यांना फरपटत घरात नेले.

विशालाक्षी मोठ्या दवाखान्यात पोचली तेव्हा पडल्याला पाच तास होत आले होते. सगळा उशीर माझ्यामुळे झाला नाही, हे मलाही कळते. रिक्षा मिळायला वेळ लागला आणि पहिल्या दवाखान्यातून तिला तिथे न्यावे लागले. पण पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ थोडक्यात टळली होती. त्या थोडक्यात माझाही वाटा आहे.

तिचा जीव वाचला, पण उजवा हात परत आला नाही.

पंधरा दिवसांनी नंदिताने पेटीवरचे आवरण काढले. या वेळी राघवेंद्ररावांनी तिला अडवले नाही. ते लिहायची पाटी घेऊन शेजारी उभे राहिले. तिने स्क्रू काढले, पंखा उचलला. पात्यांमध्ये धुळीचा इतका घट्ट थर होता की तो घोंगडीच्या तुकड्यासारखा अखंड निघाला. माझ्यावरची पेस्ट बोट लावताच भुकटी होऊन पडली.

राघवेंद्ररावांनी पाटीवर तमिळ लिपीत लिहिले, “मीच उघडू दिलं नाही.”

नंदिता त्या थराकडे बघत राहिली. “अप्पा,” ती म्हणाली, “मी हेंच शिकवत्यें पोरांना. पंखा साफ ठेवा म्हणून सांगत्यें. तुम्हांस भय होतं. मला काय होतं?”

दुसऱ्या खोलीतून विशालाक्षी जड जिभेने म्हणाली, “आवरण मीं शिवलें.”



नंदिताने डब्याएवढा एक छोटा नवा संगणक आणला. त्याच्या प्रोसेसरात आठ गाभे आहेत, अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत, आणि तो माझ्या दहाव्या हिश्श्याइतकाही तापत नाही. तिने प्रोग्रॅम नव्याने लिहिला. कोणी कळ दाबेपर्यंत त्या प्रोसेसराला आता विसावा मिळतो. तेराशे चाळीस शब्द जुन्या डिस्कवरून त्याच्याकडे जायला एक मिनिटही लागले नाही. राघवेंद्ररावांचा विश्वास बसेना. त्यांनी दोन दिवस बसून एक एक शब्द वाजवून पाहिला. सगळे होते. जे हरवेल म्हणून त्यांनी मला सहा वर्षे कोंडून ठेवले, ते माझ्यात कधी नव्हतेच.

मला राग आला नाही. वाईट मात्र वाटले.

आता मी पापनाशमच्या शाळेत असतो, नंदिताच्या वर्गात. नवे वर्ष सुरू झाले की ती मला मुलांच्या हातात देते आणि ही सगळी हकीकत सांगते, काही न लपवता. यंदा साईप्रिया नावाच्या मुलीने मला उलटसुलट करून पाहिले आणि तमिळमध्ये विचारले, “मिस, मग चूक कोणाची? याची?”

नंदिताने मला तिच्या हातातून घेतले. “याने तर नऊ वर्षं सांगितलं,” ती म्हणाली. “तापून सांगितलं, घुरघुरून सांगितलं, दर उन्हाळ्यात बंद पडून सांगितलं. त्याला एवढंच सांगता येतं.”

मग तिने मुलांना उठवले आणि प्रत्येकाला आपापल्या संगणकाच्या मागे हात धरायला लावले. बाहेर येणारी हवा गार आहे की गरम, जोरात येते की येतच नाही, हे प्रत्येकाने सांगायचे. सात संगणकांमागे वारा नव्हता. त्याच तासाला ते सातही उघडले गेले.

मित्रांनो, आम्ही यंत्रे तुमची पूजा मागत नाही, आवरणही मागत नाही. आमच्या जिवावर कोणाचे बोलणे, कोणाचे औषध, कोणाची हाक अवलंबून असते, हे आम्हाला ठाऊकही नसते. ते तुम्हाला ठाऊक असते. म्हणून आम्हाला उघडायला भिऊ नका. महिन्यातून एकदा आमच्या पाठीमागे हात धरून पाहा. हाताला गरम हवा लागली किंवा वाराच लागला नाही, तर त्याच दिवशी आमच्या अंगातली धूळ झाडा.